मोळीपासून महाद्वारापर्यंत : साने गुरुजी

॥ श्रीसद्गुरुनाथाय नमः ॥



11 जून ही साने गुरुजींची पुण्यतिथी. म्हणून या वेळच्या चरित्रलेखात गुरुजींची ओळख करून घेऊ या. खरं तर गुरुजी आपल्यापैकी कुणाला माहीत नाहीत? 'श्यामची आई' वाचून रडला नाही असा मराठी माणूस, मग तो बेळगावचा असो नाहीतर बडोद्याचा, सापडणं कठीण. तरीही लिहायला बसलो, कारण आमच्या बेळगावच्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात एका मोठ्या मुलाने गुरुजींबद्दल एक प्रश्न विचारला आणि आम्हा तिघी-चौघी शिकवणाऱ्यांना पटकन उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी गुरुजींचं आयुष्य.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणं खोताचं, म्हणजे एकेकाळचं मानाचं. पण कर्ज आणि कोर्टकचेऱ्यांनी घर पोखरलं होतं. पांडुरंग कळता झाला तोवर खोतीचा नुसता बोभाटा उरला होता, हाती काही नव्हतं. आई यशोदाबाई. ही बाई काही फार शिकलेली नव्हती, कुठल्या संस्कारवर्गाला गेलेली नव्हती. सकाळी सडा, दुपारी रांधणं-वाढणं, संध्याकाळी दिवा, यातच तिचा दिवस संपायचा. पण त्या दिवसभरात मुलाच्या हातून जे घडेल, त्यातच ती त्याला काही ना काही सांगून जायची.

'श्यामची आई'मधला श्याम म्हणजे बहुतांशी गुरुजी स्वतःच. त्यातला तो न्हाणीचा प्रसंग आठवा. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लेक हट्ट धरतो, आणि आई आपलं ओलं लुगडं दगडावर पसरते. त्यावर पाय ठेवून तो देवघराकडे जातो. मग आई एवढंच सुचवते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. आमच्या वर्गात पाच-सहा वर्षांच्या मुलांना आम्ही हा प्रसंग सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांचे फोन येतात, की आज अंघोळीनंतर टॉवेल जमिनीवर पसरायला लावला! मनाचं काय ते त्यांना पुढे कळेल. आत्ता पायाचं कळलं तरी पुष्कळ.

श्याम इतर पोरांशी चढाओढ करून झाडावरच्या कळ्या उमलायच्या आधीच तोडून आणायचा. पूजेसाठीच ना, मग बिघडलं काय, असं आपल्यालाही वाटेल. आईला ते आवडलं नाही. फूल झाडावर उमलू द्यावं, मग देवाला वाहावं, हे तिने त्याला समजावलं. वटसावित्रीच्या वेळी ती आजारी होती, वडाला प्रदक्षिणा घालायची ताकद नव्हती. तिने श्यामला आपल्याऐवजी जायला सांगितलं. बायकांमध्ये मुलगा प्रदक्षिणा घालतोय म्हणून सगळ्या हसतील, या लाजेने तो तयार होईना. देवाच्या कामाची आणि आईच्या कामाची लाज कसली, हे त्याला पटवून तिने पाठवलंच.

ही आई नुसती गोड होती असं मात्र समजू नका. पोहायला शिकायला नको म्हणून श्याम माळ्यावर लपला, तेव्हा तिने शिंपटीने झोडपत त्याला बाहेर काढलं आणि विहिरीकडे धाडलं. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगताना पालक एकमेकांकडे बघतात. आता मुलाला मारा असं आमचं म्हणणं मुळीच नाही. पण भित्रेपणाला तिने लाडाने झाकलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि एक प्रसंग आहे, ज्यावर आम्हाला आज जास्त बोलायचंय. गावातली एक म्हातारी, त्या काळी जिला अस्पृश्य म्हणत, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. मोळी खाली पडली. तिला ती पुन्हा डोक्यावर घेता येईना, आणि शिवायचं नाही म्हणून कुणी हात लावेना. यशोदाबाईंनी हे पाहिलं आणि श्यामला सांगितलं, जा, तिला मोळी उचलू लाग, आणि घरी येऊन आंघोळ कर.

घरी येऊन आंघोळ कर. हे वाक्य आम्ही पूर्वी वर्गात सांगताना गाळायचो. आई इतकी मोठ्या मनाची, तिच्या तोंडी हे कशाला, असं वाटायचं. पण ते गाळलं तर गुरुजींचं पुढचं आयुष्य कळत नाही. त्या माउलीला म्हातारीची दया आली, गावाची रीत मोडून तिने मुलाला पाठवलं. पण रीत पुरती मोडायचं बळ त्या काळात तिच्याकडे नव्हतं. तिने निम्मी वाट दाखवली. उरलेली निम्मी तिच्या मुलाने चालून दाखवली, त्याला चाळीसएक वर्षं लागली आणि जीव पणाला लावावा लागला.

शिक्षण मोठ्या हालात झालं. दापोलीची शाळा, मग काही काळ औंध संस्थानात, मग पुणे. परक्या गावात स्वतःच्या हाताने शिजवून, कधी न शिजवता, मुलगा शिकत राहिला. 2 नोव्हेंबर 1917 ला आई गेली. शेवटच्या वेळी तो तिच्याजवळ नव्हता. ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे हजारो मुलांवर त्यांनी जी माया केली, तिचं मूळ या न झालेल्या भेटीत असावं असं आम्हाला नेहमी वाटतं.

तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाल्यावर 1924 मध्ये ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली, आणि तिथे खऱ्या अर्थाने ते 'गुरुजी' झाले. घरापासून लांब राहणारी दहा-बारा ते सोळा-सतरा वर्षांची मुलं. कपडे कुठेही टाकलेले, अंथरुणं तशीच, खोलीत कचरा. तुमच्या-आमच्या घरातलंच चित्र म्हणा ना! गुरुजी रागावले नाहीत. मुलं शाळेत गेली की ते खोल्या झाडत, अंथरुणं नीट लावत, कुणाचे मळके कपडे धुऊन वाळत घालत. मुलं परत आली की बघत. काही दिवस हसली, मग ओशाळली, मग आपणहून आवरू लागली. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत.

आमच्यातल्या एकीने हा प्रयोग घरी करून पाहिला. आठ दिवस लेकाचं कपाट काही न बोलता आवरलं. नवव्या दिवशी चिरंजीवांनी विचारलं की आज कपाट का आवरलं नाहीस! आम्ही खूप हसलो, पण नंतर विचार केला. गुरुजींचं जमलं ते का? ते मुलांची कामं करत होते, पण मुलांकडून काहीतरी वसूल करायचं म्हणून करत नव्हते. आपण मूकपणे आवरतो, पण चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. मुलं चेहरा आधी वाचतात.

छात्रालयात त्यांनी हाताने लिहिलेलं एक दैनिकच सुरू केलं होतं, 'छात्रालय दैनिक'. मुलांसाठी रोज! जगात काय चाललंय, एखाद्या थोराची गोष्ट, कुणा मुलाचं कौतुक, असं सगळं त्यात असायचं. आज आपण रोज सकाळी ग्रुपवर सुविचार पुढे ढकलतो तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. गुरुजी ज्यांच्यासाठी लिहीत, त्यांना नावानिशी ओळखत होते.

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सहा वर्षांची नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. मग तुरुंगामागून तुरुंग. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना दक्षिणेकडची भाषा कानावर पडली, तर ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणलं. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं विनोबाजींनी गीतेच्या अठरा अध्यायांवर दिली, आणि ती उतरवून घेतली गुरुजींनी. आज आपल्या कितीतरी घरांत देवघराजवळ 'गीता प्रवचने' आहे. ते पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं ते गुरुजींच्या हातामुळे. आपल्या सत्संगात बोलणारे पुष्कळ असतात, पण मन लावून ऐकणं आणि ऐकलेलं जसंच्या तसं जपणं ही केवढी सेवा आहे!

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. दिवसाची कामं आटोपून, आईला आठवत. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

गुरुजींचं लिखाण वयावयाप्रमाणे वेगळं आहे, हे आम्हाला वर्ग घेताना हळूहळू कळलं. लहानांसाठी त्यांच्या 'गोड गोष्टी' आहेत, त्यात देशोदेशीच्या कथा आहेत. आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना 'श्यामची आई'. पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' या नावाने प्रसिद्ध आहेत, वाढत्या वयाच्या मुलीशी काका कसा बोलतो ते त्यात बघावं. फुलं, पाखरं, तारे, सण, पुस्तकं, सगळं येतं, आणि कुठेही आता तुला शिकवतो असा आव नाही. आणि जी मुलं प्रश्न विचारू लागतात, मूर्ती कशाला, दिवा कशाला, जात कशाला, त्यांच्यासाठी 'भारतीय संस्कृती'. त्या पुस्तकाची सुरुवातच अद्वैतापासून आहे. सगळ्यांत एकच आत्मा आहे हे नुसतं म्हणून भागत नाही, ते शेजाऱ्याशी वागताना दिसलं पाहिजे, असा त्या सगळ्या पुस्तकाचा रोख आहे. मूर्तिपूजा आणि आपली प्रतीकं यांवर वेगळी प्रकरणं आहेत. कॉलेजातल्या मुलांच्या पालकांनी ती आधी स्वतः वाचावीत. आम्हालाही त्यातल्या कितीतरी गोष्टी पन्नाशीनंतर कळल्या. वर्षानुवर्षं निरांजन लावत होतो, कुणी विचारलं नाही म्हणून आम्हीही विचारलं नव्हतं.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. खानदेशात शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी झटणं, 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक, 1942 च्या चळवळीत भूमिगत राहणं, पुन्हा तुरुंग. राष्ट्र सेवा दलातल्या तरुण मुलामुलींचे तर ते प्राणच होते.

स्वातंत्र्य दारात आलं होतं आणि गुरुजींना एकच गोष्ट खात होती. पंढरीच्या विठोबाचं दार अजून सगळ्यांना उघडं नव्हतं. ज्या चोखोबांचे अभंग आपण भजनात टाळ वाजवून म्हणतो, त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. दलित वारकऱ्यांनी शेकडो मैल चालत यायचं आणि तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरायचं. गुरुजींनी ठरवलं की हे दार उघडलं पाहिजे, नाहीतर प्राण गेले तरी चालतील. आधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावच्या लोकांना विनवलं. कित्येक गावांनी आपली देवळं आणि विहिरी खुल्या केल्या. पंढरपूर मात्र तयार होईना. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केलं. दहा दिवस. प्रकृती मुळात नाजूक, त्यात मे महिन्यातलं पंढरपूरचं ऊन. 10 मे रोजी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं.

नावाने पांडुरंग असलेल्या माणसाने पांडुरंगाचं दार उघडायला लावलं. मोळीला हात लावून घरी आंघोळ करायला गेलेला तो मुलगा आता आंघोळ करायला थांबला नाही.

हा भाग वर्गात सांगावा की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या ताई म्हणाल्या की जुन्या गोष्टी उकरून मुलांच्या डोक्यात भेद कशाला घालायचे, आता कुठे राहिलंय तसं? मग कुणीतरी हळूच स्वयंपाकघरातल्या फळीची आठवण काढली. आमच्या आज्यांच्या वेळी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असायचा, पायरीशेजारच्या फळीवर पालथा घातलेला. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या एक-दोन घरांत तो अजून आहे. आता तो फळीवर नाही, सिंकखालच्या कपाटात आहे, एवढाच फरक. त्यावर खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी आम्ही पंढरपूर पुरतं सांगितलं, आंघोळीच्या वाक्यासकट.

जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. शेवटच्या काळात त्यांच्या मनाने 'आंतरभारती'चा ध्यास घेतला होता. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य वाचावं, एकमेकांच्या घरी राहावं. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हैदराबादची आपली मुलं घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि हिंदी बोलतात. बडोद्याच्या मुलांना गुजराती येते. आमच्या बेळगावात भाषेवरून काय काय होतं ते सर्वांना माहीत आहे. पण वर्गातली मुलं ज्ञानोबांची ओवी म्हणतात आणि शेजारच्या अज्जींकडून पुरंदरदासांचं पद शिकून येतात. गुरुजींनी हे पाहिलं असतं तर डोळे भरून आले असते. त्यांचे डोळे तसेही लवकर भरून येत!

आता तो प्रश्न.

गुरुजींची गोष्ट संपवताना आम्ही एवढंच सांगत आलो होतो की 11 जून 1950 रोजी ते देवाघरी गेले. आमच्या वर्गातल्या नववीतल्या एका मुलाने फोनवर पुढचं वाचलं. गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं. पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, की सगळ्यांना धीर देणाऱ्या माणसाने असं का केलं, आणि काकू, तुम्ही आम्हाला हे सांगितलं का नाही?

पहिला प्रश्न कठीण होता, पण दुसऱ्याने आम्ही जास्त खजील झालो. खरेपणा शिकवायला आपण बसायचं आणि अडचणीचं ते गाळायचं. आम्ही त्याला सांगितलं की आमचं चुकलं. लहान मुलं बसलेली असताना हे बोलायचं नव्हतं, पण तुम्हा मोठ्यांना सांगायला हवं होतं. मग त्या दिवशी लहानांना प्रसाद देऊन घरी पाठवलं आणि मोठ्या मुलांना घेऊन बसलो.

आम्ही काही डॉक्टर नाही. जे जाणवलं ते सांगितलं. गुरुजींचं मन फार हळवं होतं. उदासीचे झटके त्यांना तरुणपणापासून येत, असं त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. स्वातंत्र्य मिळाल्यावर जे दिसेल असं वाटलं होतं ते दिसेना, याचंही दुःख होतं. पण दुःख पुष्कळांना होतं. मनाचं असं दुखणं हा आजार आहे, आणि ताप जसा भक्ताला येतो तसा हाही चांगल्या माणसाला, नामस्मरण करणाऱ्या माणसालाही होऊ शकतो. त्यात पाप नाही, कमीपणा नाही. गुरुजींच्या काळी त्यावर आजच्यासारखे उपचार नव्हते, त्याबद्दल कुणी उघड बोलतही नसे. आणि दुसऱ्यांचे अश्रू पुसणाऱ्या या माणसाला आपलं मन कुणापुढे पुरतं मोकळं करता आलं नाही. त्यांनी केलं ते योग्य नव्हतं, हेही आम्ही स्पष्ट सांगितलं. ते राहिले असते तर कितीतरी मुलांना हवे होते.

मग मुलं बोलू लागली. आम्ही ठरवलं नव्हतं, पण बोलू लागली. परीक्षेचं, घरातल्या भांडणांचं, एकीने तर रात्री झोप येत नाही हे पहिल्यांदा सांगितलं. तिच्या आईला आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या परवानगीने भेटलो, आणि आता ती डॉक्टरांकडे जाते आहे. त्या रविवारी स्तोत्रपाठ झाला नाही. घरी जायला दीड तास उशीर झाला आणि पालक खाली गाड्या घेऊन ताटकळले, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

या आषाढीनंतरच्या रविवारी आमच्या वर्गातली दहा वर्षांवरची मुलं पंढरपूरला येणार आहेत. आत दर्शनाला जाण्याआधी सगळ्यांनी चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचं ठरलंय. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने तिथे बाकीच्यांना गुरुजींची गोष्ट सांगायचं कबूल केलं आहे, पुरती. बसमध्ये अजून नऊ जागा आहेत. आसपासच्या केंद्रांतल्या ज्या मुलांना यायचं असेल त्यांच्या पालकांनी ग्रुपवर नाव द्यावं, आणि सोबत दशम्या-चटणीचा डबा द्यावा.

जय सद्गुरू.